वरची डिस्क, खालची डिस्क

डोळ्यांच्या डॉक्टरकडं आणि माझ्याकडं येणाऱ्या माणसांची तक्रार एकच असायची. "दिसत न्हाय." फरक एवढाच, की डॉक्टरकडं जाणाऱ्याला स्वतःला दिसत नसायचं आणि माझ्याकडं येणाऱ्याच्या कॉम्प्युटरला.

शिवाजी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते बंद आहे आणि मी घरी बसून बायकोच्या मोबाइलमधले सुप्रभातचे फुलाफुलांचे फोटो पुसत असतो. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं चीज झालं म्हणायचं. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "सुरेशराव, तुमच्या धंद्यातले यशस्वी अनुभव लिहून द्या." मी दोन दिवस आठवत बसलो. यशस्वी अनुभव एका पानात बसतील एवढेच निघाले. घोटाळे मात्र एकमेकांना ढकलत पुढं येत होते. त्यातला सगळ्यात मोठा सांगतो.

पण आधी डिस्क म्हणजे काय आणि ती 'दिसते' म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या खोक्यात हातावर मावणारी एक चपटी, वजनदार पेटी असते. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब, कुंडल्या, जे काही असेल ते सगळं त्या पेटीत. बाकीचं खोकं म्हणजे पत्रा, पंखा आणि धूळ. तुम्ही बटण दाबता तेव्हा कॉम्प्युटर सगळ्यात आधी शाळेतल्या मास्तरासारखी हजेरी घेतो. प्रत्येक वायरीच्या टोकाला विचारतो, "कोण हाय रं तिकडं?" तिथली डिस्क उत्तर देते, माझं नाव अमुक, माझ्यात जागा एवढी, हजर. उत्तर आलं नाही तर गैरहजेरी. मग लोक डिस्क रुमालात बांधून माझ्याकडं यायचे.

हजेरीत डिस्कांना नंबर मिळतात आणि ते शून्यापासून. पहिल्या बाकावरची डिस्क शून्य, दुसऱ्यावरची एक. मग विंडोज त्यातल्या कप्प्यांना अक्षरं देते. सी, डी, ई. ए आणि बी कुठं गेले, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं. ती अक्षरं जुन्या फ्लॉपींची. फ्लॉपी कधीच्या वारल्या, पण त्यांचा पाट अजून कुणाला देत नाहीत.

यातली खरी गोम पुढं आहे. रोजची विंडोज ही वर्गाच्या कायमच्या बाईंसारखी असते. तिला पोरं तोंडावरून माहीत. बाक बदलून बसली तरी ती बरोबर ओळखते आणि डी ला डीच म्हणते. पण विंडोज नव्यानं टाकायची झाली, की आम्ही पेनड्राइव्हवरून वेगळाच कार्यक्रम सुरू करतो. तो म्हणजे बदलीवर आलेला मास्तर. त्याला पोरांची तोंडं माहीत नसतात, फक्त बाकांचे नंबर. पोरांनी बाक बदलले असतील तर या मास्तराची छडी भलत्याच्याच हातावर बसते.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. दुकानात येणाऱ्या सगळ्यांना मी हे मास्तराचं उदाहरण छडी मारून दाखवत सांगायचो.

दुसरा एक किस्सा मी याहून रंगवून सांगायचो. बिद्रीकडचे एक पावणं भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं भरलेली डिस्क घेऊन आले होते. वायर सैल झाल्यानं कॉम्प्युटरला ती वाचता येत नव्हती. अशा वेळी कॉम्प्युटर एक भयंकर प्रश्न विचारतो. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. पावण्यांनी 'हो' दाबलं.

"अहो, का दाबलं?" मी कपाळाला हात लावला.

"आता मशीन एवढं अदबीनं इचारतंय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं?" पावणं म्हणाले. "आणि सायेब, दोनदा इचारलं त्यानं. दोन्ही टायमाला मान दिला."

त्यांची बहुतेक भजनं मी परत काढून दिली. मात्र 'दोन्ही टायमाला मान दिला' हे वाक्य पुढं कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांना नाट्यप्रयोगासारखं करून दाखवलं. लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता मला हुशार समजायचे.

आता दस्तगीरभाई. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट. चार सुयांची माळ असलेलं एक लांबलचक मशीन, पत्र्याची शेड, मागं राहतं घर. ब्लाउजच्या पाठीवरचे मोर, बाहीवरच्या कोयऱ्या, साडीचे काठ, आणि फुटबॉलचा हंगाम आला की पेठेतल्या टीमच्या जर्सीवरचे बिल्ले. मशीन स्वतः काही ठरवत नाही. सुई कुठं टोचायची, कुठला रंग कधी घ्यायचा, धागा कुठं तोडायचा, हे टाक्याटाक्यानं आधी कॉम्प्युटरवर आखावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. एका मोराला दोन दोन दिवस जातात. दस्तगीरभाईंनी अशी डिझाइनं चौदा वर्षं आखली होती. डिझाइनं विकत मिळतात, पण ते घेत नसत. म्हणायचे, "सुरेशराव, इकतच्या मोराला मान नसतीय. नुसतं धड असतंय."

त्यांचा कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. आत दोन डिस्का. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, कारण मला जोडीनं मिळाल्या होत्या. वरची विंडोजसाठी, खालची डिझाइनांसाठी. नीटनेटकेपणाची हौस म्हणून दोन्हींचे कप्पेही मी सारखेच पाडले. जुळ्या पोरांना सारखे सदरे घालणाऱ्या हौशी आईसारखे. त्याचा त्रास पुढं ओळखणाऱ्याला होतो, हे तेव्हा सुचलं नाही. आणि डिझाइनांची तिसरीकडं एक नक्कल ठेवायची, ते काम मी दर खेपेला 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवलं होतं.

त्यांच्याकडं मशीनवर मंगल म्हणून बाई कामाला. तिच्या हौसेनं युनिटमध्ये दर वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. दस्तगीरभाई स्वतः फुलं आणून द्यायचे. पहिल्या वर्षी मी तिथंच होतो. मंगल कॉम्प्युटरच्या खोक्याला कुंकू लावत होती. मला गप्प बसवेना. म्हटलं, "त्या पत्र्याला काय कुंकू लावतीस? देव आत हाय!" आणि खोकं उघडून दोन्ही डिस्का काढून दाखवल्या. गंमत म्हणून केलं आणि विसरूनही गेलो.

ते दोघं विसरले नाहीत. तेव्हापासून दर खंडेनवमीला दस्तगीरभाई खोकं उघडायचे, दोन्ही डिस्का काढून पाटावर ठेवायचे, मंगल त्यांना हळदकुंकू, झेंडू वाहायची. दसरा झाला की दस्तगीरभाई त्या जशाच्या तशा परत बसवायचे. वरची वर, खालची खाली, वायरी जिथल्या तिथं. कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. सगळं त्यांच्या हातात होतं.

मग एका पावसाळ्यात दस्तगीरभाईंना लकवा मारला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डोकं लख्ख होतं, पण शब्द तोंडातून बाहेर येईपर्यंत चिखल व्हायचा. त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या बायकोला, नसीमाभाभींना कळायचं. भाभींनी युनिट बंद पडू दिलं नाही. नवं डिझाइन आखणारा आता कुणी नव्हता, पण चौदा वर्षांचा साठा होता. गिऱ्हाइकानं मागितलं की त्यातलं काढायचं आणि मशीनला द्यायचं. घर त्यावर चाललं होतं, औषधं त्यावर, मंगलचं घरही त्यावरच.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भाभींचा फोन. "सुरेशभाऊ, कॉम्प्युटर सुरूच हुईना. लग्नाच्या ऑर्डरी डोक्यावर हायत. या की जरा."

गेलो. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. मी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. "विंडोज मेली."

"आणि डिझाइनं?" भाभींनी विचारलं.

"डिझाइनं वेगळ्या डिस्कवर हायत. त्यांना धक्काबी लागणार न्हाय. दोन तासांत मशीन सुरू करून देतो."

भाभी आत गेल्या. मंगल शेजारी स्टुलावर बसली, तिला मशीन बंद म्हणून काम नव्हतं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एक डिस्क कोरी करायची असेल तर आधी दुसरीची वायर उपटून ठेवायची. म्हणजे चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. हा नियम मी कित्येक नवशिक्यांना दटावून शिकवला. त्या दिवशी वायरीला हात घालणार तोच मंगल म्हणाली, "दादा, ते बिद्रीच्या पावण्याचं सांगा की. लई दिवस झालं."

संपलं. गोष्ट सांगायला मिळाली की मला दुसरं काही सुचत नाही. एका हातानं पेनड्राइव्ह लावला आणि दुसऱ्या हातानं पावणं उभे केले. पडद्यावर यादी आली. डिस्क शून्य, डिस्क एक. शून्य म्हणजे वरची, म्हणजे विंडोजची, ही तर मीच जोडलेली. निवडली. कॉम्प्युटरनं विचारलं, यावरचं सगळं जाईल, चालेल? मी 'हो' दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं. आणि नेमकं त्याच वेळी मी मंगलला सांगत होतो, "मग पावणं म्हणतंय कसं, दोन्ही टायमाला मान दिला!"

मंगल हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. मीही हसलो.

विंडोज नव्यानं बसली. तासाभरानं मी ऐटीत डी, म्हणजे डिझाइनांचा कप्पा, उघडला, मंगलला दाखवायला. आत डिझाइनं नव्हती. आत जुनी विंडोज होती. अख्खी. दस्तगीरभाईंच्या नावाच्या फोल्डरसकट, धडधाकट. जिला मी मेली म्हणून सांगितलं होतं आणि जिची पाटी मी स्वतःच्या हातानं कोरी केली होती, ती माझ्यासमोर जिवंत बसली होती. मग मी पुसलं काय?

हे कळायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. एवढं आठवतं, की मी मंगलला विचारलं, "औंदा डिस्का परत कुणी बसवल्या?"

"मीच की," मंगल म्हणाली. "दरसाल ते करायचे. औंदा भाभी म्हणाल्या, तू कर. वर खाली नीट ठेवल्या बगा, आटवून आटवून. वायरी जिथं बसतील तिथं लावल्या. कुठंबी बसत्यात की त्या."

कुठंही बसतात. अगदी बरोबर. दोन्ही वायरी सारख्याच, दोन्ही खोबणी सारख्याच. वरच्या डिस्कला खालचीची वायर लागली होती. पोरांनी बाक बदलले होते. सकाळी बटण दाबल्यावर कॉम्प्युटरनं पहिल्या बाकावर विंडोज शोधली, तिथं डिझाइनं बसली होती, म्हणून तो 'सापडत नाही' म्हणाला. कुणीही मेलेलं नव्हतं. दोन वायरी अदलाबदल केल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात सगळं सुरू झालं असतं. मी जिवंत माणसाला मेलं ठरवलं आणि मग सरण पेटवलं तेही शेजाऱ्याचं.

मी कॉम्प्युटरची मेन वायरच उपटली. पुसलेल्या डिस्कवर आणखी एक अक्षरही लिहिलं जाऊ नये म्हणून. एवढं शहाणपण तरी शिल्लक होतं.

आता आत जाऊन सांगायचं. शेडपासून घराच्या दारापर्यंत पंधरा पावलं असतील. तेवढ्यात मी खोटं जुळवलं. आमच्या धंद्यात एक फार सोयीचं वाक्य आहे. "डिस्क गेली." डिस्का खरंच जातात, कधीही जातात, न सांगता जातात. गिऱ्हाईक नशिबाला बोल लावतं, आमच्याकडं सहानुभूतीनं बघतं. आणि डिस्कला उलट बोलता येत नाही.

आत भाभी दस्तगीरभाईंना पेज भरवत होत्या. मी दारातच म्हणालो, "भाभी, डिस्क गेली."

चमचा वाटीत थांबला. "म्हंजे?"

"म्हंजे... डिझाइनं गेली. जुनी डिस्क होती. होतंय असं."

भाभींनी पदरानं दस्तगीरभाईंची हनुवटी पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमी तरी काय करणार सुरेशभाऊ. सकाळधरनं उपाशी हायसा. बसा, दोन घास खावा." आणि उठून ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. मी घास तोंडात घातला.

तेव्हा दस्तगीरभाई बोलले. मला नुसता चिखल ऐकू आला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

भाभींनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "इचारतायत, कुठली? वरची का खालची?"

एवढाच प्रश्न. पण तो विचारणारा माणूस दर वर्षी त्या दोन डिस्का स्वतःच्या हातानं काढून बसवत होता. वरची गेली म्हणावं, तर डिझाइनं खालच्या डिस्कवर होती. खालची गेली म्हणावं, तर सकाळी मेली होती विंडोज, म्हणजे वरची. मग त्याच दिवशी, मी समोर बसलेलो असताना, खालचीही आपोआप गेली कशी? दस्तगीरभाई माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, हे जास्त वाईट. त्यांना खरंच माहिती हवी होती, एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावी तशी.

"खालची," मी म्हणालो. "गेली न्हाय, दस्तगीरभाई. मी पुसली."

आणि मग सगळं सांगितलं. वायरी, हजेरी, दोनदा दाबलेलं 'हो', आणि दाबताना मी कुठली गोष्ट रंगवत होतो तेही. दारात उभी असलेली मंगल रडायला लागली. "मीच वायरी खुपसल्या दादा. पूजा चुकली माजी. देव कोपला."

"देवाचा काय संबंध न्हाय मंगल," मी म्हणालो. "देवाला अर्धं मिनिट लागलं असतं. ही माझीच करणी."

मी ताट सरकवून उठायला लागलो. भाभींचा आवाज आला, "बसा. ताट संपवा आदी. अन्नावर राग काढत न्हाय मी."

इतकं अवघड जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. शेवटचा घास गिळला, बाहेर जाऊन हात धुतला, आणि रुमालाला हात पुसतो न पुसतो तोच भाभींनी तोंड सोडलं. "चौदा वर्सं बसलाय वो ह्यो माणूस त्या खुर्चीवर! पाठ मोडली, डोळं गेलं, आता हातबी गेला! आणि तुमी नाटक करत बसलासा व्हय? नाटक? आणि वर मला सांगतायसा, डिस्क गेली? मी तुमाला जेवाय घातलं!" शेजारचे लोक कुंपणापाशी आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता.

बोलून झाल्यावर त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "परत येतंय का काय त्यातलं? बिद्रीवाल्याचं आलंतं न्हवं?"

"बघतो," मी म्हणालो. बिद्रीवाल्याच्या वेळी म्हणालो होतो, 'येतंय की!' या वेळी ते म्हणायची छाती झाली नाही.

डिस्क कोरी केली म्हणजे लगेच सगळं जातं असं नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं ते असतं. पानं आत असतात, फक्त कुठलं कुठं ते कळत नाही. पण मी नुसती अनुक्रमणिका फाडून थांबलो नव्हतो. पुढच्या पानांवर नवी विंडोज गिरवून बसलो होतो. त्याखाली जे गेलं ते कायमचं. उरलेलं शोधायला एक प्रोग्राम असतो. तो डिस्कवर काहीही न लिहिता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता वाचत जातो आणि फायलींची तोंडं ओळखून एकेक बाहेर काढतो, दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. मी दुकानाला पाटी लावली, 'दोन दिवस बंद', आणि त्या पडद्यासमोर बसून राहिलो. बायकोनं विचारलं, कुणाचं काय झालंय? मी म्हणालो, "अतिदक्षता विभागात एकाला ठेवलंय. मीच ढकललाय त्याला."

तीन हजारांवर डिझाइनं निघाली. मी आनंदानं उडीच मारणार होतो, मग नावं बघितली. नावं नव्हतीच. ती अनुक्रमणिकेबरोबर गेली होती. एक, दोन, तीन, चार, असे नुसते नंबर. एखाद्या गावातली सगळी माणसं पुरातून वाचावीत, पण आपण कोण हे एकालाही सांगता येऊ नये, तसं. गिऱ्हाईक फोन करणार, 'गेल्या साली आमच्या थोरलीला केला होता तो मोर द्या.' तीन हजारांतला कुठला?

डिस्क घेऊन गेलो. भाभींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नावं कुणाला म्हाईत? ह्यांनाच की."

असे आमचे दुपारचे वर्ग सुरू झाले. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा मी कळंब्याला जायचो. दस्तगीरभाईंना उशा लावून पडद्यासमोर बसवायचं, मी एकेक डिझाइन उघडायचं, ते काहीतरी बोलायचे, भाभी मला मराठीतून मराठीत सांगायच्या, मी नाव टाइप करायचं. त्यांना प्रत्येक डिझाइन आठवत होतं. कुणासाठी केलं, कुठल्या लग्नाला, त्या बाईनं रंग कितीदा बदलायला लावला. नावंही तशीच. 'उचगावची हट्टी'. 'मास्तरीणबाई जांभळी'. 'सवत', कारण दोन जावांनी एकमेकींना न सांगता एकच कोयरी पसंत केली होती.

आणि ते फेकायला लागले. डावा हात उताणा केला की ठेवायचं, पालथा केला की पुसायचं. मी एक मोर उघडला, मला बरा वाटला. हात पालथा.

"का?"

भाभींनी ऐकून सांगितलं, "म्हणतायत, मोर न्हवं त्यो. कोंबडीला सणाचं कापड घातलंय."

पुढं पेठेतल्या एका फुटबॉल टीमच्या बिल्ल्यावरचा वाघ आला. हात पालथा. "ह्या वाघाचं तोंड बगून समोरची टीम हसायची म्हणं. आपल्यावरच गोल बसायचे." ज्या फायलींसाठी मी अन्नपाणी सोडलं होतं, त्यातल्या ढीगभर या गृहस्थानं माझ्यादेखत कचऱ्यात घालायला लावल्या. पुसताना मात्र दर वेळी ते माझ्याकडं बोट करून काहीतरी म्हणायचे आणि भाभी तोंडाला पदर लावायच्या. पहिले काही दिवस त्या मला सांगेनात. मग सांगितलं. "म्हणतायत, पुसायचं काम ह्येलाच द्या, सवय हाय."

महिना गेला, दुसरा गेला. हळूहळू तो चिखल मला कळायला लागला. आधी शिव्या कळल्या, मग नावं. एके दिवशी भाभी बाजारात गेल्या होत्या आणि आम्ही दोघांनीच चाळीसेक डिझाइनं उरकली, हे संध्याकाळी लक्षात आलं.

परत न आलेली डिझाइनं त्यांना आठवणीतून माहीत होती. ती सुरुवातीच्या वर्षांची. माझ्या विंडोजखाली नेमकी ती चिरडली होती. त्यात एक साधी कोयरी होती, त्यांनी आयुष्यात आखलेलं पहिलं डिझाइन. भाभी म्हणाल्या होत्या, असू द्या, तसंही ते कुणी मागत न्हाय. दस्तगीरभाई काही बोलले नव्हते. न बोललेलंही मला आता कळत होतं. मी त्यांची माफी दोनदा मागितली. दोन्ही वेळा त्यांनी डावा हात उताणा केला. पण ती कोयरी त्यानं येणार नव्हती.

नावं संपत आली तेव्हा एका दुपारी मी गेलो, तर ते आधीच पडद्यासमोर बसलेले. माउस डाव्या हातात. एक कोयरी आखत होते. डाव्या हाताला सवय नव्हती, रेघ ढेपाळायची, ते पुसायचे, पुन्हा ओढायचे. भाभी मागं उभ्या होत्या, मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी स्टुलावर बसलो आणि, माझ्या आयुष्यात हे फारसं घडलेलं नाही, पण दोन तास गप्प बसलो. असं सोळा सतरा दिवस चाललं. शेवटी जी कोयरी झाली तिची शेपटी जिथं वळायला हवी त्याच्या जरा पुढं जाऊन वळली होती, वळण विसरून पुढं गेलेला माणूस मागं वळून बघतो तशी.

मंगलनं ती मशीनवर घेतली. लाल कापडावर सोनेरी धागा. सुया थांबल्यावर तिनं कापड झटकून उजेडात धरलं. "आगं बया," ती म्हणाली, "ही तर बगतीया!"

मी फाइल जतन करायला बसलो. कॉम्प्युटरनं नाव विचारलं. मी दस्तगीरभाईंकडं वळलो. "पहिली कोयरी असंच लिहू का?"

त्यांनी मान हलवली. न्हाय. मग माझ्याकडं बघितलं, अर्धाच चेहरा हसत होता पण पुरेसा हसत होता, आणि एक शब्द बोलले. भाभींनी सांगायची गरज पडली नाही.

"फॉरमॅट."

"अहो, हे काय नाव झालं? गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

"नाव ठेवणाऱ्यानं ठेवलंय," भाभी म्हणाल्या. "तुमी नुसतं लिवा. आणि दोनदा इचारलं तर दोनदा व्हय म्हणा."

लिहिलं. तीन ठिकाणी नकला ठेवल्या, त्यातली एक माझ्या घरी कपाटात, बायकोच्या दागिन्यांशेजारी.

दुकान बंद केलं तरी कळंब्याची दुपार मी सोडलेली नाही. परवाही गेलो होतो. दस्तगीरभाई एका मोरावर नाराज होऊन बसले होते, भाभी चहा गाळत होत्या. शेडमध्ये मशीनचा खडखडाट, आणि त्यावर आवाज चढवून मंगल फोनवर कुणाला तरी सांगत होती, "व्हय ताई, फॉरमॅट हाय की! आमच्याकडंच मिळतंय ते, दुसरीकडं न्हाय. लई चालतंय. पाठीवर घेताय का बाहीवर?"